काडतूस भरायचं यंत्र, मुलाचं गॅरेज आणि आपला कायदा

प्रश्न : भोसरीतल्या एका मशिन शॉपमधून मी फोरमन म्हणून निवृत्त झालो. मुलगा डॅलसला असतो, तिथला नागरिक आहे. शनिवार-रविवारी पिस्तुलाच्या स्पर्धांना जातो. आता घरीच ९ मिमीची काडतुसं भरायची म्हणून त्याने पाच स्टेशनांचा प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतलाय. खोकं अजून फोडलेलं नाही. ‘बाबा, तुम्ही आलात की दोघं मिळून लावू,’ म्हणतो. आम्ही दोघं दिवाळीनंतर सहा महिन्यांसाठी जातोय. मशिन लावणं मला नवं नाही, बंदुकीची दारू मात्र नवी आहे. काय काय पाहावं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : मुलाने खोकं न फोडता तुमची वाट पाहिली, हे मला फार आवडलं. त्याला मदत तर कराच, पण मशिनच्या आधी व्हिसाचं बोलू, कारण ही गोष्ट त्यालाही बहुधा ठाऊक नसेल.

तुम्ही पर्यटक व्हिसावर जाणार. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगता येत नाही. आणि तिथे दारूगोळा म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. रिकामी पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच), प्रायमर (बुडातली, पिन आदळली की पेटणारी छोटी टोपी), गोळी (पुढे सुटणारा भाग) आणि दारू, हे चारही सुटे भाग त्या व्याख्येत बसतात. एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना असेल तर सवलत आहे, पण त्या वाटेला जायचं तर आधी तिथल्या वकिलाला विचारा. नाहीतर सरळ वाटणी करून घ्या. टेबल, प्रेस, पाने आणि आटे तुमच्याकडे. पुंगळी, प्रायमर, गोळी, दारू फक्त मुलाच्या हातात. तुम्ही शेजारी उभं राहून डोळ्यांनी तपासायचं आणि तोंडाने सांगायचं. मुलगा नागरिक आहे, स्वतःच्या वापरासाठी भरतोय, विकत नाही. त्याला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायला लागला की लागतो.

आता यंत्र. साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम होतं. प्रोग्रेसिव्हमध्ये गोल शेलप्लेटवर पाच पुंगळ्या एकदम उभ्या असतात आणि हँडल एकदा खाली-वर केलं की पाच कामं एका दमात होतात. पहिल्या स्टेशनला वापरलेली पुंगळी दाबून मापात येते, जुना प्रायमर बाहेर पडतो आणि हँडल परत जाताना नवा बसतो. दुसऱ्याला पुंगळीचं तोंड जरा फुलतं आणि दारू पडते. तिसऱ्याला दारूची पातळी तपासली जाते, चौथ्याला गोळी बसते, पाचव्याला फुलवलेलं तोंड पुन्हा मिटवलं जातं. प्रत्येक फेरीला एक तयार काडतूस टोपलीत पडतं. सोय यातच आहे आणि धोकाही यातच, कारण एका स्टेशनवर काही बिघडलं तर तुमचं लक्ष जाईपर्यंत तीच चूक घेऊन दहा-वीस काडतुसं टोपलीत गेलेली असतात.

मी नोकरीभर खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत गेज आणि तपासणीच्या बाजूला होते. सेटर मशिन लावायचा, पहिला पीस आमच्या टेबलावर यायचा, आणि आमची सही पडल्याशिवाय लाइन सुरू व्हायची नाही. दारूचं काम एका इमारतीत, प्रायमरचं दुसऱ्या. गेटवर काडेपेटी जमा. पुढे लॉटमधले नमुने दाब मोजायच्या नळीतून झाडून बघायचे. मुलाच्या गॅरेजमध्ये यातलं काही नाही. सेटर तोच, ऑपरेटर तोच, इन्स्पेक्टर तोच. तुम्ही सहा महिने जाताय, तेवढ्यात त्याला इन्स्पेक्टर व्हायची सवय लावा. माझ्या मते तुम्ही त्याला देऊ शकाल अशी सगळ्यात मोलाची गोष्ट ती.

टेबलापासून सुरुवात करा. जड लाकडाचं घ्या आणि भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबांना बोल्टने आवळा. तिकडच्या घरांत भिंतीच्या आत हे खांब बहुतेक सोळा इंचांवर असतात. वरच्या पातळ जिप्सम बोर्डात नुसता स्क्रू मारून काही धरत नाही. एवढा आग्रह का, तर बऱ्याच प्रेसवर प्रायमर बसतो तो हँडल पुढे ढकलताना, शेवटच्या थोड्याशा हालचालीत. टेबल हललं की हाताचा जोर टेबलात जिरतो आणि प्रायमर उंच राहतो. प्रायमर पूर्ण बसल्याचा तळहाताला एक ठाम अडसर लागतो. तो कळायला टेबल जागचं हलता कामा नये. बसलेला प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या किंचित आत हवा. मुलाने बोटाचं टोक फिरवलं की कळतं.

मग शेलप्लेट. मधला बोल्ट इतका आवळा की प्लेट मोकळी फिरेल पण डुगडुगणार नाही, आणि लगेच त्याचा लॉक स्क्रू घट्ट करा. प्लेट ढिली असली की प्रायमर तिरका जातो आणि गोळीची खोली बदलत राहते. फार आवळली की ती झटक्याने पुढच्या स्टेशनला जाते, आणि ९ मिमीच्या आखूड पुंगळीतून दारूचे कण उडतात. प्लेटवर दारू सांडलेली दिसली तर पुसून पुढे जाऊ नका, झटका कुठून येतोय ते शोधा.

डाय, म्हणजे प्रत्येक स्टेशनला वरून बसणारे साचे, एकेक करून लावा. पहिली लागून पास झाल्याशिवाय दुसरीला हात नको. पुंगळी मापात आणणाऱ्या पहिल्या, साइझिंग डायसाठी रॅम (प्लेट उचलणारा दांडा) पूर्ण वर न्या, डाय शेलप्लेटला टेकेपर्यंत फिरवा आणि तिथून किंचित मागे घ्या. पिस्तुलाच्या डायमध्ये कार्बाइडची कडी असते. तिच्यामुळे पुंगळीला तेल लावावं लागत नाही, पण ती ठिसूळ असते. प्लेटवर आपटत राहिली तर तडकते. लॉकनट आवळताना पुंगळी डायच्या आत असू द्या, म्हणजे डाय आपोआप मध्यावर येते. हे मुलाला करून दाखवायला सांगा, तुम्ही पाना धरा.

दारूच्या स्टेशनवर पुंगळीचं तोंड इतकंच फुलवायचं की गोळी हाताने ठेवली तर उभी राहील. जास्त फुलवलेली पुंगळी लवकर चिरते. दारूचं वजन मी इथे मुद्दामच देत नाही. दारू बनवणाऱ्या कंपनीचं छापील कोष्टक घ्या, गोळी बनवणाऱ्याचं मॅन्युअल घ्या, दोन्ही जुळतात का पाहा आणि सुरुवात कोष्टकातल्या खालच्या आकड्यापासून करा. क्लबातल्या मित्राने चिठ्ठीवर लिहून दिलेला आकडा कितीही अनुभवी माणसाचा असला तरी वापरू नये. त्याचं पिस्तूल वेगळं, गोळी वेगळी, दारूचा डबा वेगळा.

वजन ग्रेनमध्ये असतं. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलीग्रॅम आणि काटा वाचायचा एक दशांश ग्रेनपर्यंत, म्हणजे साडेसहा मिलीग्रॅम. लक्ष्मी रोडवरचा सराफ गुंज तोलताना काट्याभोवती काच का लावतो ते तुम्ही पाहिलंय. इथे गुंजेचा एकोणिसावा भाग तोलायचाय. पंखा बंद, एसीची हवा काट्यावर नको, मोबाइल लांब. रोज सुरुवातीला प्रमाणित वजन ठेवून काटा तपासायचा आणि तो ग्रॅमवर नाही ना, हे वाचून घ्यायचं. दारूच्या मापकातून पडणारे पहिले काही भाग डब्यात परत टाका, कारण दारू खाली बसायला वेळ घेते. नंतर दहा भाग एकत्र तोलून दहाने भागा. असं केल्याने सरासरी कळते. एकेक वेगळा तोलल्याने फरक कळतो. दोन्ही करा.

गोळी बसवताना काडतुसाची एकूण लांबी कोष्टकात दिलेलीच ठेवा. अमेरिकी मानकाप्रमाणे ९ मिमीची कमाल लांबी १.१६९ इंच, म्हणजे २९.६९ मिमी. पण कमाल ओलांडली नाही म्हणजे झालं, असं नाही. या पुंगळीत आतली जागा इतकी कमी आहे की गोळी थोडी जास्त खोल गेली तरी दाब भराभर चढतो. लांबी कमी होण्याचीच भीती जास्त.

इथे तुमच्या अनुभवाचा उपयोग होईल. एकच पुंगळी प्लेटवर ठेवून लांबी लावलीत तर ती बरोबर येईल. पाचही स्टेशनं भरली की साइझिंगचा जोर प्लेटला एका बाजूने उचलतो आणि लांबी बदललेली सापडते. लोक मग डायला दोष देतात. लोडखाली फ्रेम आणि प्लेट किती देतात, हे भोसरीच्या माणसाला सांगायला नको. म्हणून शेवटचं सेटिंग सगळी स्टेशनं भरलेली असतानाच करायचं.

पाचव्या डायचं काम फक्त फुलवलेलं तोंड सरळ करणं. ९ मिमीचं काडतूस चेंबरमध्ये स्वतःच्या तोंडाच्या कडेवर टेकतं. तिथे व्यास ०.३८० इंच, म्हणजे ९.६५ मिमीच्या वर नको. पण फार मिटवलं तर टेकायला कडच उरत नाही, शिवाय आतली गोळीही ढिली होते. घट्ट मिटवलं म्हणजे गोळी घट्ट बसली, हा समज चुकीचा आहे. गोळीला धरते ती साइझिंगने आकसलेली भिंत. मुलाला एक काडतूस टेबलाच्या कडेवर गोळीकडून अंगठ्याने जोरात दाबायला सांगा आणि आधी-नंतरची लांबी मोजा. आत सरकली तर थांबा.

हे सगळं पहिल्यांदा दारू आणि प्रायमर दोन्हीशिवाय करा. नुसती पुंगळी आणि गोळी. असे नमुने गेजमध्ये आणि पिस्तुलाच्या काढलेल्या नळीत आपल्या वजनाने खाली गेले पाहिजेत, आणि उलटं केलं की बाहेर पडले पाहिजेत. हा तुमचा फर्स्ट पीस. त्यावर रंगाचा ठिपका देऊन वेगळ्या डबीत ठेवा.

मग प्रत्यक्ष भरणं, आणि पहिले काही दिवस प्लेटवर एका वेळी एकच पुंगळी. ती पाचही स्टेशनं फिरून बाहेर पडली की पुढची. वेळ जातो, जाऊ द्या. एकेका स्टेशनचा हाताला येणारा अंदाज वेगवेगळा ओळखता आला की मगच पाच भरायच्या.

सगळ्यात वाईट घटका कुठली, तर मधेच अडकल्याची. प्रायमर अडकतो, हँडल अर्ध्यात थांबतं, माणूस ते मागे घेतो, काहीतरी सोडवतो आणि पुन्हा दाबतो. अशा वेळी दारूच्या स्टेशनखालच्या पुंगळीत एकदा पडली, दोनदा पडली की पडलीच नाही, हे कुणालाही सांगता येत नाही. प्लेट हाताने फिरवायच्या प्रेसवर तर फिरवायचं विसरलं की त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू. म्हणून हँडल कुठल्याही कारणाने अडकलं की प्लेट पूर्ण रिकामी करायची, भरलेल्या पुंगळ्यांची दारू काढून टाकायची आणि पहिल्यापासून सुरू. फोन वाजला, जेवायला हाक आली, तरी हेच. आणि अडकलेला प्रायमर कधीही ठोकून किंवा जोर लावून काढायचा नाही.

दुप्पट दारूने पिस्तूल फुटतं, हे सगळ्यांना कळतं. अजिबात न पडलेली दारूही तेवढीच घातक आहे. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मधेच अडकते. आवाज दबका येतो, धक्का लागत नाही. स्पर्धेच्या घाईत माणूस स्लाइड ओढून पुढचा बार टाकतो, आणि ती गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते. मुलाला सांगा, आवाज वेगळा वाटला की बोट काढायचं, पिस्तूल रिकामं करायचं, नळीत सळई घालून बघायची. त्या फेरीचे गुण गेले तर जाऊ देत.

तिसऱ्या स्टेशनवरचा पावडर चेक जरूर लावा, पण तो पातळी सांगतो, वजन नाही. त्याच्याखेरीज चौथ्या स्टेशनच्या वर एक लहान एलईडी दिवा असा लावा की पुंगळीच्या तळापर्यंत उजेड जाईल. प्रत्येक पुंगळीत डोकावून मगच गोळी ठेवायची. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. दारू निवडताना फुगीर निवडली तर काम सोपं होतं, कारण दुप्पट पडली की ती पुंगळीत मावतच नाही, बाहेर येते. थोडक्यात काम भागवणाऱ्या वेगवान दारूत दुप्पट माप आत लपून बसतं.

टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दिवस संपला की मापकातली दारू त्याच मूळ डब्यात परत. दारू आणि प्रायमर कंपनीच्या मूळ वेष्टनातच ठेवायचे, काचेच्या बरणीत किंवा डब्यात ओतून ठेवायचे नाहीत. रेंजवरून उचललेल्या पुंगळ्या नीट निवडा. काहींच्या आत मधोमध एका छिद्राऐवजी दोन बारीक छिद्रं असतात. त्या बर्डन पद्धतीच्या, त्यात पहिल्या डायची पिन मोडते. सैन्याच्या पुंगळ्यांत प्रायमरभोवतीची कड दाबलेली असते, ती काढल्याशिवाय नवा प्रायमर चिरडतो. ९ मिमीच्या ढिगात .३८० या दुसऱ्या काडतुसाच्या आखूड पुंगळ्याही लपलेल्या असतात. निवडायला बसताना चष्मा लावा, आणि निवडणारा हात मुलाचा.

प्रश्न : मी बालेवाडीला सेंटर फायर पिस्तुलाचा सराव करतो. परवाना आहे. .३२ ची काडतुसं महाग पडतात आणि वर्षाच्या मर्यादेत सराव पुरत नाही. अमेरिकेतला मित्र सामानातून छोटा प्रेस आणून देतो म्हणतो. दारू-प्रायमर नाही, नुसतं लोखंडी यंत्र. यात अडचण आहे का?
— एक नेमबाज, औंध

उत्तर : आहे, मोठी आहे. मित्राला आजच फोन करून नको म्हणून सांगा.

आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात काडतुसाचे भाग तर येतातच, शिवाय दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. वरच्या उत्तरात पाहिलंत, अमेरिकेत दारू, प्रायमर, पुंगळी कायद्याच्या नजरेत दारूगोळा आहे आणि प्रेस नुसतं यंत्र. आपल्याकडे ते नुसतं लोखंडही कायद्याने दारूगोळ्यातच मोडतं. परवान्याशिवाय आयात करता येत नाही, आणि निर्मितीला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. तुमच्या हातातला परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. इतकी वर्षं घाम गाळून मिळवलेलं स्थान आणि शस्त्रपरवाना दोन्ही एका कस्टम्सच्या काउंटरवर जातील.

दापोडी-भोसरीत कुणाकडून डाय बनवून घेता येईल, असं काही मुलं रेंजवर हळूच विचारतात. तेही त्याच कलमात येतं, आणि तुमच्याबरोबर तो बिचारा टर्नरही अडकतो. वरच्या पत्रातली ९ मिमी तर आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, तिचा विषयच सोडा.

काडतुसं कमी पडतात ही तुमची तक्रार खरी आहे आणि मला तिचं मनापासून वाईट वाटतं. कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या पोरांनी याच टंचाईत सराव करून पदकं आणली. वाट एकच, मान्यताप्राप्त क्लब आणि राज्य रायफल संघटनेच्या मार्फत जाण्याची. गुण वाढले आणि ख्यातनाम नेमबाजाच्या निकषात बसलात की मर्यादाही वाढते आणि आयातीची सोयही मिळते. तोवर कोरा सराव वाढवा. रिकाम्या पिस्तुलाने पांढऱ्या भिंतीसमोर, लक्ष्य न लावता, नुसतं नळीच्या टोकावरच्या फ्रंट साइटकडे बघत ट्रिगर दाबायचा. साइट हलली की चूक लगेच दिसते. गोळी सुटत असताना धक्क्यात ती झाकली जाते. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघून, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. मी पाहिलेल्या चांगल्या नेमबाजांचा कोरा सराव बारांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या क्लबमध्ये .२२ वापरतात. परदेशात लोक पुंगळ्या पुन्हा भरतात, मग .२२ च्या पुंगळ्या सगळीकडे फेकून का देतात?
— एक विद्यार्थिनी, डेक्कन

उत्तर : कारण .२२ ला वेगळा काढता येईल असा प्रायमरच नसतो. एक झाडलेली पुंगळी प्रशिक्षकांसमोर हातात घेऊन बूड बघ. कडेला चौकोनी खाच दिसेल. बूड दुमडून जी पोकळ कड बनवलेली असते, तिच्यात पेट घेणारं मिश्रण ओलं असताना फिरवून पसरवतात. पिन ती कड चेपते आणि मिश्रण पेटतं. चेपलेली कड पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. याला रिमफायर म्हणतात. तुझ्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात, ज्यात राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं, हेच काडतूस चालतं. पाहून झाली की पुंगळी क्लबच्या डब्यात परत टाक, खिशात नको. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : माझे दिवंगत काका सैन्यात होते. त्यांच्या पेटीत ‘केएफ’ असा शिक्का असलेल्या दोन-तीन पितळी पुंगळ्या सापडल्या. नातवाला आठवण म्हणून बंगळुरूला विमानाने नेल्या तर चालेल ना?
— एक गृहिणी, वानवडी

उत्तर : विमानाने नेऊ नका. ‘केएफ’ म्हणजे किर्की फॅक्टरी, आमची खडकी. १८६९ पासूनचा कारखाना. तो शिक्का बघितला की आजही मला बरं वाटतं, म्हणून तुमची भावना समजते. पण लोहगावला एक्स-रेवर पुंगळीची आकृती दिसली की बॅग बाजूला निघते, आणि ती रिकामी आहे की भरलेली हे पडद्यावर ठरत नाही. जाणीवपूर्वक बाळगलं होतं का, हा मुद्दा न्यायालयं विचारात घेतात, हे खरं. मात्र तोवर विमान गेलेलं असतं आणि तुम्ही पोलीस ठाण्यात जबाब देत बसलेल्या असता.

त्याआधी एक गोष्ट बघा, पण हात न लावता. बुडाच्या मधोमध प्रायमरवर पिनचा खळगा आहे का? तोंडाशी गोळी नाही ना? गोळी असेल, किंवा खळगा दिसत नसेल, तर ते जिवंत काडतूस समजा. पेटी बंद करा, कुणाला हलवू देऊ नका आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून त्यांनाच घरी बोलवा. सैनिकाच्या घरात अशा वस्तू सापडतात, पोलिसांनाही हे नवं नाही. स्वतः रिक्षात घालून नेऊन देऊ नका. नातवासाठी काकांचं पदक किंवा फोटो न्या.

रेंजवर जाणाऱ्या सगळ्यांनाही सांगते, सरावाची बॅग प्रवासाला वापरू नये. तळाच्या अस्तरात एखादं .२२ घरंगळून बसलेलं असतं आणि ते सापडतं नेमकं विमानतळावर.

प्रश्न : जावई ह्यूस्टनला गॅरेजमध्ये काडतुसं भरतात. नात दीड वर्षाची आहे, रांगत-चालत सगळीकडे जाते. लेक म्हणते, दारू कुलपात असते, काळजी करू नकोस. मला मात्र चैन पडत नाही. मी काही बोलले तर जावयांच्या घरात नाक खुपसल्यासारखं होईल का?
— एक आजी, सहकारनगर

उत्तर : होणार नाही, आणि झालं तरी बोला. तुमची काळजी योग्य आहे, फक्त दारूपेक्षा धोका दुसरीकडे आहे. तो शिशाचा.

बहुतेक प्रायमरच्या मिश्रणात शिशाचं संयुग असतं. बार उडाला की त्याची राख पुंगळीच्या आत चिकटते. बऱ्याच गोळ्याही शिशाच्या असतात. वापरलेल्या पुंगळ्या स्वच्छ करायला त्या मक्याच्या कणसाच्या भुशात किंवा अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्यात घालून थरथरणाऱ्या भांड्यात घोळवतात. झाकण उघडलं की उडते ती करडी धूळ शिशाची. ती कपड्यांवर, चपलांवर बसून घरात येते, आणि रांगणाऱ्या मुलीचा हात जमिनीवरून सरळ तोंडात जातो. लहान मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. परिणाम होतो तो मेंदूच्या वाढीवर, आणि बाहेरून काही दिसत नाही.

जावयांना सांगायच्या गोष्टी साध्या आहेत. पुंगळ्या कोरड्या भुशाऐवजी पाण्यात, स्टीलच्या बारीक काड्यांबरोबर धुवाव्यात, म्हणजे धूळ उडत नाही. ते गढूळ पाणी मात्र स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये किंवा बाथटबात ओतायचं नाही. गॅरेजच्या चपला गॅरेजमध्येच. काम झालं की शर्ट बदलायचा, तो नातीच्या कपड्यांबरोबर मशिनमध्ये टाकायचा नाही. हात आणि चेहरा साबणाने, गार पाण्याने धुतल्याशिवाय तिला उचलायचं नाही. टेबलाशी चहा-खाणं नको. टेबल आणि फरशी ओल्या कापडाने पुसायची. झाडू मारायचा नाही आणि घरातला व्हॅक्यूम तर मुळीच नाही, कारण त्यात सांडलेले दारूचे कण आणि एखादा प्रायमर गेला तर मोटरच्या ठिणगीने पेटू शकतात. आणि नात गॅरेजमध्ये येणारच नाही असं दाराला वरच्या बाजूला कडी-कुलूप.

लेकीला सांगा, पुढच्या भेटीत बालरोगतज्ज्ञांना घरात रीलोडिंग होतं हे स्पष्ट सांगून रक्तातल्या शिशाची चाचणी मागून घे. तिथली रोगनियंत्रण संस्था २०२१ पासून लहान मुलांसाठी दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम हा संदर्भ आकडा धरते. त्याच्या वर आलं की डॉक्टर पुढचं बघतात. जावयांनीही स्वतःची चाचणी त्याच वेळी करून घ्यावी. त्यांचा आकडा वर आला, तर धूळ घरात येतेय हे त्यांना तुमच्या सांगण्यावाचूनच कळेल.